तारीख कशाला म्हणावे?

कोणत्याही कचेरीत अर्ज दाखल झाला की त्याची तपासणी दोन निराळ्या नजरांनी होत असते. पहिली नजर अर्जाच्या रचनेवरून फिरते: नाव आहे काय, पत्ता आहे काय, जन्मतारखेचा रकाना भरला आहे काय, सही योग्य जागी आहे काय. दुसरी नजर रकान्याच्या आत शिरते. जन्मतारखेच्या रकान्यात ‘३१ फेब्रुवारी’ असे लिहिलेले असेल, तर रकाना भरलेला असूनही अर्ज सदोषच ठरतो. पहिल्या तपासणीला अर्जाचा नमुना ठाऊक असला की पुरते. दुसरीला पंचांग ठाऊक असावे लागते, अंकगणित ठाऊक असावे लागते, कधी कधी देशाचा रिवाजही ठाऊक असावा लागतो. संगणकाच्या जगात ही दुसरी नजर कोणाकडे असावी, हा प्रश्न सुमारे तीन दशके रेंगाळत राहिला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एकाएकी निकडीचा झाला. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक उत्तर फार थोड्या शब्दांत मावणारे होते. त्याची हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या हकीकतीचा आरंभ कायद्याच्या कागदपत्रांतून होतो. १९६९ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघेजण वकिलांच्या कचेऱ्यांसाठी एक यंत्रणा उभारीत होते. गोल्डफार्ब हे स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले. एका प्रोग्रॅममधील दस्तऐवज दुसऱ्या प्रोग्रॅमला समजत नाही, ही त्यांची मुख्य अडचण होती. त्यांनी काढलेला उपाय असा, की मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आधी व नंतर त्या भागाचे नाव सांगणारी खूण घालावी: येथे शीर्षक सुरू झाले, येथे संपले, येथे परिच्छेद सुरू झाला, येथे संपला. मजकूर कसा दिसावा हे सांगण्याऐवजी तो काय आहे हे सांगावे, हे त्यामागील सूत्र होते. या खुणांच्या भाषेला तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून जीएमएल असे नाव पडले. तिचीच संस्कारित आवृत्ती एसजीएमएल या नावाने १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

एसजीएमएलने पहिल्या नजरेची व्यवस्था उत्तम केली. प्रत्येक जातीच्या दस्तऐवजाचे व्याकरण आगाऊ लिहून ठेवता येई. त्याला डीटीडी म्हणत. प्रकरणाच्या आरंभी शीर्षक असलेच पाहिजे, त्यानंतर निदान एक परिच्छेद असला पाहिजे, असे नियम त्यात मांडता येत आणि तपासनीस प्रोग्रॅम त्या नियमांवर दस्तऐवज घासून पाही. परंतु खुणांच्या आत जो मजकूर असे, तो या व्याकरणाच्या दृष्टीने केवळ अक्षरांची ओळ होती. खुणेला जोडलेल्या गुणधर्मांसाठी काही मोजके प्रकार होते. पण ‘ही तारीख आहे आणि ती खरोखर संभवते’, असे म्हणण्याची सोय त्यांत नव्हती. त्या काळी ही उणीव कोणाला फारशी जाणवलीही नाही. विमानाच्या दुरुस्तीची पुस्तिका असो किंवा शब्दकोश असो, तो अखेर माणूसच वाचणार होता, आणि ३१ फेब्रुवारी दिसली तर माणूस थबकणारच होता.

१० फेब्रुवारी १९९८ रोजी ही स्थिती बदलली. त्या दिवशी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, म्हणजे डब्ल्यूथ्रीसी, या संस्थेने एसजीएमएलचे सुटसुटीत रूप एक्सएमएल या नावाने प्रसिद्ध केले. टिम ब्रे, झां पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे त्याचे संपादक होते. तांत्रिक बाजूचे नेतृत्व जेम्स क्लार्क यांच्याकडे होते, आणि एक्सएमएल हे नावही त्यांनीच सुचविलेले. व्याकरणाची पद्धत मात्र जुनीच, डीटीडीची, राहिली. लवकरच असे दिसून आले, की एक्सएमएलचा उपयोग पुस्तकांपेक्षा मालाच्या मागण्या, बिले, हवामानाच्या नोंदी, बँकांचे निरोप यांसाठी अधिक होत आहे. हे दस्तऐवज एक यंत्र लिहीत होते आणि दुसरे यंत्र वाचीत होते. मधला माणूस नाहीसा झाला होता, आणि त्याच्याबरोबर थबकणारी नजरही नाहीशी झाली होती. किमतीच्या रकान्यात ‘बारा’ असा शब्द आला, तर वाचणारे यंत्र एकतर बंद पडे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, काही भलताच अर्थ काढून पुढे जाई.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर डब्ल्यूथ्रीसीने स्वतःच दिले. २ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमा या नावाची नवी व्याकरणपद्धती मान्य झाली. तिचा दुसरा भाग संपूर्णपणे माहितीच्या प्रकारांना वाहिलेला होता. पॉल बायरन आणि अशोक मल्होत्रा हे त्याचे संपादक. त्यात १९ मूळ प्रकार आणि त्यांपासून साधलेले २५ प्रकार, असे एकूण ४४ प्रकार नेमून दिले होते: पूर्णांक, दशांश, तारीख, वेळ, कालावधी, भाषेचे नाव इत्यादी. या ग्रंथातील सर्वांत मोलाची कल्पना म्हणजे लिखित रूप आणि मूल्य यांमधील भेद. ‘१’, ‘०१’ आणि ‘+१’ ही तीन निरनिराळी लिखिते आहेत. पूर्णांक म्हणून मात्र त्यांचे मूल्य एकच आहे. हा भेद एकदा स्पष्ट केल्यावर पुढील पुष्कळसा गोंधळ आपोआप टळतो.

तथापि या व्यवस्थेला एक कुंपण होते. वापरणाऱ्याला दिलेल्या प्रकारांवर मर्यादा घालता येत, त्यांची यादी करता येई, दोन-तीन प्रकार एकत्र जोडता येत. पण अगदी नवा मूळ प्रकार निर्माण करण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार समितीचा. आता समिती कितीही जाणकार असली, तरी जगातील सगळी माहिती तिच्या टाचणात मावत नाही. पुस्तकावर छापल्या जाणाऱ्या आयएसबीएन क्रमांकाचेच उदाहरण घ्यावे. त्या काळी तो दहा अंकी होता आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या नऊ अंकांवरून हिशेबाने काढलेला असे. एखादा अंक चुकीचा टिपला गेला की बेरीज अकराने भागली जात नसे आणि चूक उघडी पडे. आधार क्रमांकाच्या बारा अंकांतील शेवटचा अंकही अशाच पडताळ्यासाठी असतो. हा पडताळा ४४ प्रकारांच्या कोणत्याही जोडणीतून व्यक्त करता येत नव्हता. फार तर दहा जागा आहेत एवढे तपासता येई. क्रमांक खरा संभवतो की नाही, हे नव्हे.

समितीने जे नेमून दिले त्यातही दोष राहून गेले. केवळ महिना लिहिण्याच्या प्रकाराचे मूळ रूप तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळेना. अंकाच्या शेवटी जास्तीच्या दोन आडव्या रेघा पडल्या होत्या आणि त्या शुद्धिपत्र काढून वगळाव्या लागल्या. शून्य हे वर्ष प्रथम निषिद्ध ठरले आणि २०१२ च्या आवृत्तीत ग्राह्य ठरले. असे दोष कोणत्याही मोठ्या कामात राहायचेच. परंतु प्रकारांची व्याख्या आणि रचनेचे नियम एकाच व्यवस्थेत बांधले गेले, म्हणजे तारखेच्या व्याख्येतील दुरुस्तीसाठीही सबंध व्यवस्थेला खोळंबून राहावे लागते.

याच सुमारास, या समितीच्या बाहेर, दोन माणसे जवळजवळ एकाच दिशेने विचार करीत होती. जपानमध्ये मुराता माकोतो यांनी रिलॅक्स ही व्याकरणपद्धती तयार केली होती. तिचा मूळ भाग २००० मध्ये जपानच्या मानकांमध्ये तांत्रिक अहवाल म्हणून आला. जेम्स क्लार्क यांनी ट्रेक्स नावाची पद्धती मांडली. दोघांच्या कामाला वृक्षाकार रचनांच्या गणिताचा भक्कम आधार होता. दोन चुली मांडून बसण्यापेक्षा त्यांनी आपले काम एकत्र केले, ही तांत्रिक जगात विरळा दिसणारी गोष्ट. ओॲसिस या संस्थेच्या समितीत हे मीलन झाले आणि ३ डिसेंबर २००१ रोजी रिलॅक्स एनजी या नावाने तिचे निवेदन प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानकही झाले.

रिलॅक्स एनजीच्या कर्त्यांपुढे प्रश्न तोच होता: तारीख कशाला म्हणावे? त्यांनी तो सोडवला नाही. सोडवण्याचा अधिकार आपल्याकडे घेण्याचेच नाकारले. त्यांच्या व्याकरणात अंगचे प्रकार केवळ दोन आहेत. एक, जशीच्या तशी अक्षरांची ओळ. आणि दुसरा, मोकळ्या जागांचा फरक दुर्लक्षून वाचलेली ओळ. बाकी सर्व प्रकार बाहेरच्या प्रकारसंग्रहातून यावयाचे. व्याकरण लिहिणाऱ्याने संग्रहाचे नाव एका वेबपत्त्याच्या रूपात द्यावे, त्यातील प्रकाराचे नाव द्यावे, हव्या त्या मर्यादा सांगाव्यात. पुढचा निवाडा संग्रहाने करावा.

पण निवाडा दुसऱ्याने करावयाचा म्हटले, की त्याला प्रश्न कसा विचारावा आणि त्याने उत्तर कसे द्यावे, हे ठरवणे आले. दोन प्रोग्रॅमांमधील अशा ठरीव कराराला इंटरफेस म्हणतात. हा करार जेम्स क्लार्क आणि कोहसुके कावागुची या दोघांनी जावा या भाषेत लिहिला. कावागुची हे त्या वेळी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत अशाच तपासनीस प्रोग्रॅमचे काम करीत होते. पुढे हडसन आणि जेन्किन्स या साधनांचे कर्ते म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. दोघांचेही तपासनीस निरनिराळे; पण प्रकारसंग्रह कोणी तिसऱ्याने लिहिला, तरी तो दोन्हींना जोडता यावा, हा या सहकार्याचा हेतू होता.

करार आकाराने लहानसा आहे. परंतु त्यातील प्रत्येक कलम एका खऱ्या अडचणीतून आलेले आहे. पहिले कलम अर्थातच असे: हा मजकूर या प्रकारात बसतो काय? त्याला होय किंवा नाही, एवढेच उत्तर. पण नुसत्या ‘नामंजूर’ शेऱ्याने अर्जदाराचे समाधान होत नाही, हे कोणत्याही कचेरीला ठाऊक असते. म्हणून याच प्रश्नाचे दुसरे रूप ठेवले गेले, ज्यात नकाराबरोबर कारणही यावे आणि शक्य असल्यास चूक कितव्या अक्षरावर आहे तेही सांगितले जावे. हजारो नोंदी झपाट्याने चाळताना पहिले रूप उपयोगी पडते, आणि माणसाला चूक दाखवताना दुसरे.

दुसरी अडचण समानतेची. ‘या रकान्यात १ हेच मूल्य असावे’ असा नियम असेल आणि दस्तऐवजात ‘०१’ आले, तर ते चालावे की न चालावे? पूर्णांक म्हणून चालावे. निव्वळ अक्षरे म्हणून चालू नये. याचा निर्णय व्याकरणाने करणे योग्य नाही, कारण व्याकरणाला पूर्णांक म्हणजे काय हेच ठाऊक नाही. म्हणून करारात असे ठरले, की संग्रहाने मजकुरावरून मूल्य घडवून द्यावे आणि दोन मूल्ये सारखी आहेत काय, हेही त्यानेच सांगावे. तपासनिसाने त्या मूल्याच्या आत डोकावू नये. लिखित रूप आणि मूल्य यांतील भेद, जो एक्सएमएल स्कीमाने स्पष्ट केला होता, तो येथे दोन प्रोग्रॅमांमधील कामाच्या वाटणीत उतरला.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. काही मजकुराचा अर्थ त्याच्या स्वतःपुरता लागतच नाही. ‘उपरिनिर्दिष्ट’ हा शब्द सुटा वाचला तर कोणाला काय कळणार? एक्सएमएलमध्येही नावाआधी लावलेला संक्षेप आसपासच्या मजकुरात ज्या अर्थाने घोषित केला असेल, त्याच अर्थाने वाचावा लागतो. तेव्हा संग्रहाला संदर्भ पुरवणे भाग होते. पण सगळा दस्तऐवज त्याच्या हाती दिला, तर कामांची वाटणी मोडणार होती. क्लार्क आणि कावागुची यांनी संदर्भाच्या खिडकीत केवळ चार प्रश्न ठेवले: हा संक्षेप कशाचा, दस्तऐवजाचा मूळ पत्ता कोणता, या नावाची बाह्य वस्तू घोषित झाली आहे काय, आणि या नावाची नोंद घोषित झाली आहे काय. आपला निवाडा संदर्भावर अवलंबून आहे की नाही, हेही प्रत्येक प्रकाराने सांगावयाचे. तो अवलंबून नसेल, तर तपासनिसाने एकदा मिळालेले उत्तर जपून ठेवावे आणि तोच मजकूर पुन्हा आल्यास पुन्हा विचारू नये.

याखेरीज लांबलचक मजकूर तुकड्यातुकड्यांनी तपासण्याची सोय, मर्यादा एकेक करून सांगण्याची रीत आणि नवा संग्रह आपोआप सापडण्याची व्यवस्था ही कलमेही त्यात आहेत. शेवटच्या कलमामुळे संग्रहाची फाईल तपासनिसाच्या शेजारी नेऊन ठेवली, की तपासनिसाला हात न लावता तो नवे प्रकार ओळखू लागतो.

या औदार्याला किंमत होतीच. एका तपासनिसाजवळ जो संग्रह आहे, तो दुसऱ्याजवळ नसेल. मग एकाच व्याकरणावर एकाच दस्तऐवजाचा निवाडा एका ठिकाणी होईल आणि दुसऱ्या ठिकाणी अडेल. मानक म्हणजे सर्वत्र सारखे उत्तर, असे मानणाऱ्याला हा मोठाच दोष वाटेल, आणि तो आक्षेप निराधार नाही. रिलॅक्स एनजीच्या कर्त्यांनी तो लपवलाही नाही; निरनिराळ्या तपासनिसांजवळ निरनिराळे प्रकार असतील, हे त्यांनी आपल्या प्रास्ताविक पाठातच नमूद केले. व्यवहारात या अडचणीवर जो तोडगा निघाला, तो मार्मिक आहे. डब्ल्यूथ्रीसीचे ते ४४ प्रकार स्वतंत्र भागात लिहिलेले असल्यामुळे त्यांतील बहुतेकांचा प्रकारसंग्रह म्हणून उपयोग करता आला, आणि ओॲसिसच्या समितीने त्यासाठी मार्गदर्शनही प्रसिद्ध केले. ज्या व्यवस्थेशी स्पर्धा, तिचेच उत्तम काम पाहुणे म्हणून घरात आले. कार्यालयीन दस्तऐवजांचे ओपनडॉक्युमेंट हे मानक २००५ मध्ये तयार झाले, त्याचे व्याकरण रिलॅक्स एनजीत लिहिलेले आहे आणि त्यातील प्रकार एक्सएमएल स्कीमाचे आहेत.

या कराराची खरी कसोटी मात्र आणखी काही वर्षांनी लागली. फिनलंडमध्ये हेन्री सिवोनेन यांनी वेबपानांच्या नव्या भाषेसाठी, एचटीएमएल-५ साठी, एक तपासनीस प्रोग्रॅम तयार केला आणि त्यावरील आपला प्रबंध २००७ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाला सादर केला. रचना तपासण्यासाठी त्यांनी क्लार्क यांचाच जिंग हा तपासनीस घेतला. प्रकारांसाठी मात्र स्वतःचा संग्रह लिहून तो या कराराने त्याला जोडला. वेबपानावरील चित्रात एखादा आयत आखावयाचा असेल, तर चार पूर्णांक द्यावे लागतात आणि पहिला तिसऱ्यापेक्षा व दुसरा चौथ्यापेक्षा लहान असावा लागतो. ही तुलना एक्सएमएल स्कीमाच्या प्रकारांना जमणारी नव्हती. सिवोनेन यांच्या संग्रहात आयत हा एक प्रकारच झाला, वर्तुळही झाले. भाषेचे नाव अधिकृत नोंदवहीशी ताडून पाहणारा प्रकार झाला. २००१ मध्ये ज्यांनी तो करार लिहिला, त्यांच्या मनात एचटीएमएल-५ असणे शक्यच नव्हते, कारण ती भाषा अजून जन्मास यावयाची होती. तरीही करारातील एक अक्षर न बदलता ही भर पडली.

भारतीय श्रोत्यांच्या दृष्टीने या हकीकतीत आणखी एक धागा आहे. एक्सएमएल स्कीमातील पूर्णांक हा प्रकार केवळ इंग्रजी अंक ओळखतो. देवनागरीत लिहिलेले ‘१९६०’ त्याच्या लेखी पूर्णांकच नव्हे. गंमत अशी, की त्याच ग्रंथात मजकुराचा नमुना वर्णन करण्याची जी चिन्हे दिली आहेत, त्यांतील ‘अंक’ या चिन्हात देवनागरीसह सर्व लिप्यांचे अंक येतात. म्हणजे देवनागरी आकडा नमुन्यात बसतो आणि संख्येच्या पंक्तीत मात्र त्याला जागा नाही. तारखेचेही तसेच. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने शक संवतावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. राजपत्रावर तिची तारीख छापली जाते. तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन हे सहा महिने ३० दिवसांचे, आणि चैत्र एरवी ३० दिवसांचा, पण लीप वर्षी ३१ दिवसांचा. ‘३१ ज्येष्ठ’ संभवते, ‘३१ माघ’ संभवत नाही. नियम इतका रेखीव असूनही ४४ प्रकारांमध्ये या तारखेला स्थान नाही. ज्याला ती हवी असेल, त्याच्यापुढे एका व्यवस्थेत एकच मार्ग राहतो: समितीला विनंती करावी आणि वाट पाहावी. दुसऱ्या व्यवस्थेत तो स्वतः संग्रह लिहू शकतो आणि तपासनिसाच्या शेजारी नेऊन ठेवू शकतो. कोणाची परवानगी लागत नाही.

दोन्ही व्यवस्थांचे कर्ते आपापल्या कामात निष्णात होते आणि दोघांचाही हेतू चांगलाच होता. एकाने एकरूपतेला अधिक महत्त्व दिले. दुसऱ्याने असे मानले, की आपल्या समितीत नसलेल्या, आपली भाषा न बोलणाऱ्या आणि कदाचित अजून न जन्मलेल्या माणसालाही आपल्या रकान्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. हे साधण्यासाठी त्यांना सगळे अर्थ आगाऊ जाणण्याची गरज पडली नाही. प्रश्न विचारण्याची रीत तेवढी काटेकोर ठरवावी लागली. वेबपाने तपासून देणारी डब्ल्यूथ्रीसीची जी सेवा आज चालू आहे, ती सिवोनेन यांच्याच तपासनिसावरून वाढलेली आहे. एक्सएमएल स्कीमा ज्या संस्थेने घडवला, तिच्याच दारात आज क्लार्क आणि कावागुची यांचा हा छोटा करार काम करीत असतो, आणि एखादे पान तपासणीसाठी आले की तोच जुना प्रश्न संग्रहाला विचारतो: हा मजकूर या प्रकारात बसतो काय, आणि बसत नसेल तर का?